कुलपाची आंघोळ

रात्रभर रेल्वेत बसून अंग आंबलेलं, कुडाळ स्टेशनावर पहाटे उतरून रिक्षात माणसं कमी आणि पिशव्याच जास्त कोंबलेल्या, आणि गणपती उद्यावर आलेले. गेल्या वर्षी अशा थाटात आम्ही मालवणजवळच्या आमच्या घरी पोहोचलो. घर मे महिन्यापासून बंद. खळं साफ करायचं, माळ्यावरून समया काढायच्या, गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायची, सगळी कामं डोक्यावर नाचत होती. दादाने फाटकाचं कुलूप उघडलं. खट्! मग पायऱ्या चढून तो पडवीत आला, दाराच्या कुलपात चावी घातली आणि फिरवली.

फिरली नाही.

"उलटी घातलीस का?" वहिनीने विचारलं. सुलटी घालून झाली. उलटी घालून झाली. फुंकर मारून झाली. दादाने कुलपाला दोन-तीन ठेवणीतले शब्दही ऐकवले, ते इथे छापता येणार नाहीत. कुलूप ढिम्म.

आम्ही सगळे पडवीत पिशव्यांवर बसलो असताना माझी सहावीतली भाची मात्र एकदा फाटकाकडे आणि एकदा दाराकडे फेऱ्या मारत होती. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, ही दोन्ही कुलपं जुळी आहेत ना?"

होती खरी. दोन वर्षांपूर्वी मालवणच्या बाजारात एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच किमतीला घेतलेली. पितळी अंग, वर चकचकीत वाकडी दांडी.

"मग फाटकावरचं बिचारं चार महिने पावसात भिजलं, तरी उघडलं. आणि हे छपराखाली कोरडं बसलं होतं, तर हेच कसं बिघडलं?"

घ्या! आता तुम्हीही जरा वाचायचं थांबा आणि अंदाज बांधा. पाण्याने गंज चढतो हे तर तिसरीतलं पोरही सांगेल. मग भिजलेलं चालतं आणि कोरडं अडतं, हा कुठला न्याय?

एवढ्यात शेजारचे तात्या लोखंड कापायची करवत घेऊन आले. तात्यांचं आयुष्य मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. त्यांनी कुलूप हातात धरून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "ह्या कुलपाक कोणी न्हाऊक घालूक नाय, म्हणान ता रुसला हा."

भाचीला वाटलं, चेष्टा करतायत. "तात्या, कुलपाला कोणी आंघोळ घालतं का?"

"फाटकावरच्या कुलपाक पावस न्हाऊक घालता. ह्येका कोण घालतलो?"

दहा-पंधरा मिनिटं करवत चालवून त्यांनी दांडी कापली. दार उघडलं, गणपतीची तयारी सुरू झाली आणि कापलेलं कुलूप भाचीच्या ताब्यात गेलं. पुढचे पाच दिवस आमच्या घरात दोन पूजा चालू होत्या, एक गणपतीची आणि एक त्या कुलपाची.

तात्या म्हणाले ते अगदी खरं होतं. ते कसं, हे समजून घ्यायला आधी समुद्रावर जाऊ.

तुम्ही कधी सोड्याच्या ग्लासावर नाक नेलंय? बारीक थेंब नाकावर उडतात आणि गुदगुल्या होतात. सोड्यातला प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या जागी क्षणभर छोटा खड्डा पडतो. तो भरायला चारी बाजूंनी पाणी धावतं, मधोमध आपटतं आणि एक इवलीशी धार वर उडते. तिचेच ते थेंब. आता किनाऱ्यावर फुटणारी लाट आठवा. तिच्या पांढऱ्या फेसात किती बुडबुडे असतील? मोजायला बसू नका, गणपती विसर्जन होऊन जाईल. त्यातला एकेक बुडबुडा फुटताना हवेत थेंब उडवतो, आणि ते थेंब सोड्याचे नसून समुद्राचे असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंबातलं पाणी वाऱ्यावर उडून गेलं की उरतो डोळ्यांना न दिसणारा मिठाचा कण. वारा त्याला उचलतो, माडांच्या झावळ्यांतून, पडवीतून नेतो आणि जिथे जागा मिळेल तिथे बसवतो. काचेवर, कपड्यांच्या दोरीवर, दादाच्या चष्म्यावर आणि कुलपाच्या भोकात.

खोटं वाटत असेल तर किनाऱ्यावरच्या गावी गेल्यावर समुद्राकडच्या खिडकीची काच स्वच्छ पुसा. दोन दिवसांनी तिच्यावर बोट फिरवून जिभेला लावा. (काच आधी खरंच स्वच्छ पुसलेली असली पाहिजे, नाहीतर मला पत्रं येतील.)

पावसाळ्यात समुद्र खवळलेला, लाटा मोठ्या आणि वारा नैऋत्येकडून थेट जमिनीवर येणारा. म्हणजे मिठाची पेरणीही जोरात. फाटकावरच्या कुलपावरही मीठ बसत होतं, नाही असं नाही. पण सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या कुलपाला चार महिने अधूनमधून शॉवरखाली उभं केल्यासारखंच झालं. पावसाचं पाणी गोडं. बसलेलं मीठ विरघळलं आणि धुऊन गेलं. पडवीतल्या कुलपाकडे मीठ घेऊन वारा येत होता, पण मीठ धुणारा पाऊस छपराबाहेर पागोळ्या बनून पडत होता. चार महिन्यांचं मीठ तिथेच साठलं.

"पण आत्या, मीठ साठलं तरी ते कोरडंच ना? पाण्याशिवाय गंज कसा चढेल?"

या पोरीला वकील करायला हवं. चल म्हटलं, स्वयंपाकघरात.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे तुमच्या आईने शंभरदा म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल. खरं तर मिठातून पाणी सुटत नाही, मीठच हवेतून पाणी पितं. हवा जेवढी वाफ पोटात ठेवू शकते, त्याच्या साधारण ७५ टक्के भरली की आपलं नेहमीचं मीठ ती वाफ ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात त्याचा एक याहून तहानलेला भाऊ असतो, मॅग्नेशियम क्लोराइड. तो तर हवा फक्त ३३ टक्के भरलेली असली तरी प्यायला सुरुवात करतो. आमच्या जिल्ह्यात शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरात मीठ गोळा केल्यावर मागे कडू पाणी उरतं. त्या कडूपणात या भावाचा मोठा हात. जाड्या मिठात तो थोडा उरतोच, म्हणून ते बारीक, शुद्ध केलेल्या मिठापेक्षा लवकर ओलं होतं.

तेव्हा छपराखालचं कुलूप कोरडं होतं हा आपला गैरसमज. कोकणातल्या पावसाळी हवेत त्याच्या अंगात रात्रंदिवस खारट पाण्याचा पातळ थर होता. बाहेरून दिसत नव्हता इतकंच.

आणि खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट का? तुम्ही शाळेत लिंबाचा सेल केला असेल. लिंबात एक तांब्याचा आणि एक जस्ताचा तुकडा खुपसला की थोडी वीज वाहते. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जगातली पहिली बॅटरी अशीच केली. जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे. आता कुलपाकडे पाहा. अंग पितळेचं, म्हणजे तांबं आणि जस्त. आतल्या स्प्रिंगा आणि वरची दांडी लोखंडाची. मध्ये मिठाचं पाणी. आपण बाजारातून कुलूप म्हणून आणतो आणि समुद्र त्याची बॅटरी करतो! असे दोन धातू खाऱ्या पाण्यात चिकटून बसले की त्यातला एक झिजतो आणि दुसरा बचावतो. पितळ-लोखंडाच्या जोडीत झिजतं लोखंड. साध्या पाण्यातून वीज कष्टाने जाते, खाऱ्या पाण्यातून धावत जाते, म्हणून झीजही धावत होते. दोन धातू नसले, नुसतं लोखंड असलं, तरी त्याच्याच पृष्ठभागावर असे बारीक बारीक सेल तयार होतात. गंजणं म्हणजे तेच.

या भांडणात कोण हरणार हे आधी माहीत असलं तर त्याचा उपयोगही करता येतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा देतात तो त्यासाठी. जस्त आणि लोखंड यांच्यात जस्त झिजतं, लोखंड वाचतं. लोखंडी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात, ते खाऊन संपले की नवे बसवायचे. बळीचा बकराच म्हणा. ही युक्ती इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये शोधली. त्या काळी लाकडी लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. डेव्हीने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज थांबली. सगळे खूश. पण काही दिवसांनी पाहतात तर जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारख्या चिकट जीवांचं हे जंगल! विरघळणारं तांबं त्यांच्यासाठी विष होतं. झीज थांबली तसं विषही थांबलं आणि जहाजं रखडायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते. उत्तर बरोबर आलं आणि तरी गणित चुकलं.

असो. आपण कुलपाच्या पोटात जाऊ. तात्यांनी करवतीने त्याचे दोन भाग करून दिले. आत एकावर एक पातळ पट्ट्या होत्या. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक लिव्हरला एक बारीक स्प्रिंग खाली दाबून धरते. चावीचा एकेक दात एकेका लिव्हरला उचलतो, कुणाला जास्त, कुणाला कमी. सगळ्या लिव्हर नेमक्या आपापल्या उंचीवर आल्या की त्यांच्यातल्या खाचा एका रांगेत येतात आणि आतला खटका सरकतो. एक जरी लिव्हर केसभर वर-खाली राहिली तरी खटका अडतो. वर्गातली सगळी मुलं एका रांगेत उभी राहिल्याशिवाय बाई आत सोडत नाहीत, तसं.

आमच्या कुलपात दोन स्प्रिंगा शिल्लकच नव्हत्या. होती तपकिरी भुकटी. समुद्र सगळ्यात आधी सगळ्यात बारीक वस्तू खातो, कारण तिच्यात खायला असतंच किती! शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. जिथे चावीला फिरायला केसभर फट हवी, तिथे तो फुगून बसतो. कुलूप अडतं ते असं. आणि चार महिने कोणी चावीच फिरवली नाही, त्यामुळे फुगणाऱ्या गंजाला हटकणारंही कोणी नव्हतं.

मग पूर्वीचे लोक काय करत होते? आमच्या घराच्या मागच्या दाराला अजून अडसर आहे. भिंतीतल्या भोकातून ओढून दारामागे आडवा सरकवायचा जाड लाकडी दांडा. गंजण्याची भीती नाही, समुद्राने कितीही वारं सोडलं तरी त्याला ढिम्म फरक पडत नाही. मग तोच का वापरत नाही? कारण अडसर आतून घालावा लागतो. म्हणजे घरात कोणीतरी माणूस हवं. माझ्या पणजीच्या काळात घर कधी पूर्ण रिकामं नसायचंच. कर्ती माणसं मुंबईला गेली, मग हळूहळू घरच मुंबईला गेलं, आणि दाराला बाहेरून लोखंडाचं कुलूप आलं. लाकडाचं बाहेरून उघडणारं कुलूप नसतंच असंही नाही. प्राचीन इजिप्तमध्ये होतं. दांड्यात वरून लाकडी खुंट्या पडत आणि हातभर लांब लाकडी चावीने त्या उचलाव्या लागत. अमेरिकेतल्या लायनस येलने तीच कल्पना बारीक करून धातूत बसवली आणि १८६१ मध्ये पेटंट घेतलं. तुमच्या फ्लॅटच्या लॅचमध्ये आजही त्याच खुंट्या आहेत, फक्त तांदळाच्या दाण्याएवढ्या.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही मालवणला नवं कुलूप आणायला गेलो. भाचीने फ्रिजवरचं लोहचुंबक बरोबर घेतलं होतं. दुकानदाराने एकेक चकचकीत कुलूप समोर ठेवायचं आणि हिने त्याला चुंबक लावायचं. टक्! "हे आतून लोखंड, वरून मुलामा." दुसरं, टक्! दुकानदार आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरत गेला. पितळेला चुंबक चिकटत नाही. समुद्राकाठी वापरतात त्या चांगल्या स्टेनलेस स्टीललाही सहसा चिकटत नाही. पण चुंबकाचं म्हणणं शेवटचं मानू नका. काही प्रकारचं स्टेनलेस चुंबकाला ओढतं, आणि दुकानात सगळी कुलपं फोडून आत पाहता येत नाहीत.

स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं. इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअरली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता. १९१३ मध्ये त्याने पोलादात भरपूर क्रोमियम मिसळलं आणि ते गंजेना. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पोलादावर एक पारदर्शक साय धरतं. इतकी पातळ, की तुमच्या एका केसाच्या जाडीत तिचे हजारो थर मावतील. ओरखडा उठला तर ती आपोआप पुन्हा धरते. पण मिठातला क्लोराइड हा या सायीचा शत्रू. तो तिला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडतो. म्हणून समुद्राजवळ घरातल्या भांड्यांसारखं साधं स्टेनलेस पुरत नाही, ज्यात आणखी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं ते हवं. त्याचा नंबर ३१६. हेही न धुता ठेवलं तर त्याच्यावर तपकिरी ओघळ येतात. ऑस्ट्रेलियातले इंजिनीअर त्याला 'चहाचे डाग' म्हणतात.

आम्हाला मिळालं ते पितळी अंगाचं, स्टेनलेसच्या दांडीचं. पाकिटावर आतल्या स्प्रिंगाही न गंजणाऱ्या असल्याचं लिहिलं होतं आणि तळाला पाणी निथळायला बारीक भोक होतं. त्या भोकासाठी मी दहा रुपये जास्तही दिले असते.

घरी आल्यावर तेलावरून वाद झाला. कोकणात कशाही दुखण्यावर पहिला उपाय खोबरेल तेल. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीतलं तेल पांढरं घट्ट होतं ना? तेच कुलपात होतं, शिवाय त्याला धूळ चिकटते. दादा म्हणाला, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालू. (पेन्सिलीत शिसं नसतंच, ते ग्रॅफाइट. पण हे पुण्यातल्या दादाला कोण सांगणार!) पुण्यात ती युक्ती उत्तम. समुद्राकाठी नको, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि खाऱ्या ओलाव्यात तेही धातूशी बॅटरी मांडून बसतं. मग फवाऱ्याचा तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०? तो १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला रॉकेटच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला तयार झाला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारा, ४० वा प्रयत्न'. अडकलेलं सोडवायला झकास, पण त्याचा थर फार टिकत नाही.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पयला गोड्या पाण्यान धू, मगे त्याल." होडीचं इंजिन समुद्रातून आलं की ते आधी गोड्या पाण्याने धुतात, हे त्यांनी चाळीस वर्षं केलेलं. मीठ आत ठेवून वरून तेल घालणं म्हणजे पाय न धुता मोजे चढवणं.

भाचीने याची परीक्षाच घेतली. तीन सारखे लोखंडी खिळे, साबणाने धुऊन तेल काढलेले. रोज सकाळी पहिला विहिरीच्या पाण्यात बुडवायचा, दुसरा समुद्राच्या, तिसरा समुद्राच्या पाण्यात बुडवून लगेच विहिरीच्या पाण्याने धुवायचा आणि पुसायचा. मग तिघांनाही बशीत ठेवून द्यायचं. गणपतीच्या पाचव्या दिवशी पहिल्यावर ठिपके होते, दुसऱ्याने तपकिरी कोट घातला होता आणि तिसरा जवळजवळ तसाच होता. तुम्ही नागपूरला किंवा लातूरला असाल तर पेलाभर पाण्यात चहाचा एक भरून चमचा मीठ घाला, समुद्र तयार.

निघायच्या दिवशी नव्या कुलपाची आंघोळ झाली. विहिरीचं पाणी, जुन्या टूथब्रशने घासणं, फडक्याने पुसून उन्हात वाळवणं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे तीन थेंब आणि चावी वीस वेळा इकडून तिकडे. कुलपावर दादा प्लॅस्टिकची पिशवी बांधणार होता. तात्यांनी ती काढायला लावली, कारण आत कोंडलेला दमटपणा बाहेर जात नाही. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कडीवर पडद्यासारखा सोडला, खालून मोकळा. आणि तात्यांनी महिन्यातून एकदा येऊन त्याला न्हाऊ घालायचं कबूल केलं, प्रत्येक आंघोळीमागे पुण्याच्या बाकरवडीच्या एका पुड्याच्या बोलीवर.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. पडवीतलं कुलूप लोण्यात सुरी जावी तसं उघडलं.

फाटकाचं मात्र उघडेना. दादाने कपाळाला हात लावला. भाचीने टॉर्च मारून आत पाहिलं. गंजाचा कणही नव्हता. चावीच्या भोकात कुंभारमाशीने चिखलाचं घर बांधलं होतं, आणि दार लावून घेतलं होतं.